दाताच्या मुळाशी झालेला संसर्ग, गोळ्या आणि हाडाचे भरून येणे

रुग्णाला त्याच्याच दाताचा एक्स-रे दाखवला की तो दाताकडे पाहतच नाही. त्याची नजर मुळाच्या टोकाशी असलेल्या काळ्या डागावर जाऊन थांबते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचेही तसेच झाले. खालची उजवी पहिली मोठी दाढ, तिच्या पुढच्या मुळाच्या टोकाभोवती तुरीच्या दाण्याएवढा काळा गोल, आणि त्या गोलाची कड पेन्सिलीने आखल्यासारखी स्पष्ट. दाढ त्या दिवशी फारशी दुखतही नव्हती. त्यांनी चष्मा पुसून फिल्म पुन्हा एकदा उजेडासमोर धरली आणि विचारले, "डॉक्टर, इथलं हाड सडलंय का? आणि गोळ्यांचा कोर्स केला तर ते भरून येईल का?"

हाड सडलेले नव्हते, आणि ते भरून येणारही होते. पण गोळ्यांनी नव्हे. दातांच्या उपचारांत लोकांचा सर्वात मोठा गैरसमज कोणता असे मला कोणी विचारले तर मी याच मुद्द्यावर बोट ठेवीन. तो दूर करायचा तर दाताच्या आत काय असते येथपासून सुरुवात करावी लागते.

आपण बोलीत ज्याला दाताची 'नस' म्हणतो ती एकच एक शीर नसते. दाताच्या कठीण आवरणाच्या आत एक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी यांनी भरलेला मऊ मगज असतो. या मगजाला रक्त मिळते ते मुळाच्या टोकाशी असलेल्या, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा छिद्रातून. शरीरात इतरत्र सूज आली की तिला पसरायला जागा असते, कातडी ताणली जाते, स्नायू सरकतात. दाताच्या आत मात्र चारही बाजूंनी भिंती पक्क्या असल्यामुळे कीड आतपर्यंत पोहोचून मगज सुजला की दाब वाढतो आणि रक्ताची ये-जा मंदावते. ठणका सुरू होतो तो याच काळात. चहाचा घोट घेताच कळ मस्तकात जाते, रात्री आडवे झाले की ती वाढते, आणि काही रुग्ण तर गार पाण्याची बाटली हातात घेऊनच दवाखान्यात येतात, कारण गार पाणी तोंडात धरले की तेवढ्यापुरते बरे वाटते.

मग एके दिवशी दुखणे आपोआप थांबते. घरी लवंगेच्या तेलाला श्रेय मिळते, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळीला मिळते, कधी कुलदैवतालाही मिळते. प्रत्यक्षात मगज मेलेला असतो, आणि मेलेल्या मज्जातंतूला वेदना कळत नाही. आता दाताच्या आत रक्तपुरवठा नसलेली एक पोकळी उरते. तिच्यात मृत पेशींचे अवशेष असतात, ऊब असते आणि ओलावा असतो. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना याहून सोयीची जागा सापडणे कठीण. शरीराचे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून येतात, आणि रक्तच पोहोचत नसल्यामुळे त्यांनाही तेथे वाट नसते.

मुळाशी होणाऱ्या या बिघाडाला जंतूच जबाबदार असतात, मृत मगज नव्हे, हे दाखवणारा प्रयोग १९६५ साली अमेरिकेत झाला. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांचे दोन गट घेतले. एका गटातले उंदीर नेहमीसारखे, तर दुसऱ्या गटातले जन्मापासून पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेले. दोन्ही गटांतील उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून मगज उघडा केला आणि तो तसाच सोडून दिला. त्यात अन्न अडकत राहिले, केस अडकत राहिले. नेहमीच्या उंदरांचा मगज मरून मुळाशी पू झाला. जंतुरहित उंदरांच्या दाढेत मात्र तोच घाव, तीच घाण असूनही मगज जिवंत राहिला आणि उघड्या पडलेल्या जागेवर नव्या दंतद्रव्याचा पूल बांधला जाऊ लागला. पुढे १९७६ साली स्वीडनमधल्या सुंडक्विस्ट यांनी माणसांच्या दातांबाबत तेच दाखवले. मार लागून मगज मेलेले, पण बाहेरून अखंड असलेले दात त्यांनी तपासले. ज्यांच्या मुळाशी हाड झिजले होते अशा १९ दातांपैकी १८ दातांत जंतू सापडले. ज्यांच्या मुळाशी हाड शाबूत होते त्या दातांत मगज मेलेला असूनही जंतू नव्हते. मेलेला मगज एकटा हाडाचे काही बिघडवत नाही.

आता मुख्याध्यापकांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. फिल्मवरचा काळा गोल म्हणजे जंतूंनी पोखरलेले हाड अशी बहुतेकांची समजूत असते, आणि 'दातकिडा' ही कल्पना लहानपणापासून डोक्यात असल्यामुळे ती स्वाभाविकही आहे. पण ते हाड काढून टाकलेले असते ते आपल्याच शरीराने. उन्हाळ्याच्या तोंडाशी वनखात्याची माणसे डोंगरावर जाळरेषा काढतात, म्हणजे एका पट्ट्यातले गवत आधीच कापून किंवा जाळून टाकतात. वणवा आलाच तर तो त्या उघड्या पट्ट्यापाशी अडतो. मुळाच्या टोकाशी शरीर जवळजवळ हेच करते. टोकाच्या छिद्रातून जंतू आणि त्यांची विषद्रव्ये बाहेर झिरपू लागली की पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि इंटरल्युकिनसारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्या संदेशांमुळे ऑस्टिओक्लास्ट नावाच्या, हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्या मुळाभोवतालचे हाड मागे हटवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत रक्तवाहिन्यांनी व संरक्षक पेशींनी गच्च भरलेला मऊ थर तयार होतो. कठीण हाडात लढाई करता येत नाही, मऊ जागेत करता येते, असा त्यामागचा हिशोब आहे. त्यामुळेच दाताच्या संसर्गातून जबड्याचे हाड खरोखर सडण्याचा प्रकार विरळा असतो. फिल्मवर काळा दिसतो तो हा मऊ थर. क्ष-किरणांना तेथे अडवायला हाडातील खनिजाचा अंश उरलेला नसतो, एवढेच.

याच संदर्भात एक्स-रेची मर्यादाही सांगायला हवी. हाडातील खनिजाचा बराच मोठा अंश, साधारणपणे तीस ते पन्नास टक्के, निघून गेल्याशिवाय साध्या फिल्मवर डाग दिसत नाही, आणि हाडाच्या आतल्या जाळीदार भागापुरतीच झीज असेल तर ती बाहेरच्या टणक भिंतीमागे लपून राहते. म्हणून दाढ ठणकत असताना फिल्म स्वच्छ दिसू शकते, आणि मुख्याध्यापकांसारखी फिल्मवर मोठा डाग असलेली दाढ निमूट असू शकते. दुखणे आणि डाग यांचा ताळमेळ लागत नाही म्हणून रुग्ण गोंधळतात, पण दोन्ही गोष्टी वेगवेगळे प्रसंग सांगतात: दुखणे आजच्या दाबाची खबर देते, डाग गेल्या काही महिन्यांच्या वेढ्याची.

आता गोळ्या. तोंडाने घेतलेले प्रतिजैविक आतड्यातून रक्तात जाते आणि रक्त जेथे जेथे पोहोचते तेथे ते पोहोचते. नगरपालिकेने पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकले तर ते गावातल्या प्रत्येक नळाला येईल. पण ज्या घराचे कनेक्शनच तोडलेले आहे त्या घराच्या माठात ते कसे येणार? मेलेला मगज असलेला दात हे असे कनेक्शन तोडलेले घर आहे. जंतूंचे बिऱ्हाड आत आणि औषध बाहेरच्या रस्त्यावरून वाहून जाते. शिवाय आतले जंतू सुटे तरंगत नसतात. ते मुळाच्या भिंतीला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत आवरणाखाली वस्ती करून राहतात. बरेच दिवस न घासलेल्या घागरीच्या आत हात फिरवला की जो निसरडा थर लागतो, तशीच ही वस्ती असते. सुट्या जंतूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषधालाही या थरातले जंतू पुरून उरू शकतात. घागर आतून घासावी लागते; बाहेरून पाणी ओतून भागत नाही.

"पण मला तर गोळ्यांनी दरवेळी बरं वाटतं," असे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. मुळातून बाहेर पडून आसपासच्या जिवंत भागात शिरलेल्या जंतूंवर औषध काम करते, कारण तेथे रक्त असते. त्यामुळे बाहेरची चकमक काही काळ शमते. कधी हिरडीवर पुळी येऊन पू आपोआप वाहून जातो आणि दाब उतरतो. आणि कित्येकदा खरे काम केलेले असते ते सोबत घेतलेल्या वेदनाशामक गोळीने, श्रेय मात्र प्रतिजैविकाला जाते. दोन्ही गोळ्या एकाच पुडीत आल्या की कोणती कशासाठी होती हे कोण लक्षात ठेवतो? अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण नेटक्या अभ्यासात मगजाला सूज येऊन दात ठणकणाऱ्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना पेनिसिलिन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या सात दिवस दिल्या होत्या. दोन्ही गटांच्या वेदनेत फरक पडला नाही. त्या ठणक्यावर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल ही वेदनाशामके उपयोगी पडतात, प्रतिजैविक नव्हे. त्यांपैकी कोणते घ्यायचे हे मात्र मूत्रपिंडाचा, जठराचा किंवा दम्याचा त्रास आहे का, हे पाहूनच डॉक्टरांनी ठरवायचे असते.

येथे मी स्वतःलाही बाजूला ठेवणार नाही. व्यवसायाची पहिली सात-आठ वर्षे मी रूट कॅनल केलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल यांचा पाच दिवसांचा जोड लिहीत असे. रुग्णाला दूरच्या गावी परत जायचे असे, रात्री-अपरात्री सूज आली तर काय ही धास्ती मला असे, आणि चिठ्ठी न देणारा डॉक्टर लोकांना अर्धवट वाटतो हेही खरे होते. त्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक निरर्थक होत्या हे आज मला मान्य आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या चिठ्ठ्यांनी घरात उरलेल्या गोळ्यांचा साठा निर्माण केला. आजही जुलाबासाठी आणलेली ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी दाढेवर घेऊन आलेला रुग्ण महिन्यातून एखादा तरी भेटतो, आणि तीही दोनच गोळ्या, कारण पाकिटात तेवढ्याच उरलेल्या असतात.

अशा सवयीची किंमत दाताबाहेर मोजावी लागते. आतड्यातले उपयुक्त जंतू मरून जुलाब होतात, कोणाला पुरळ उठते, पेनिसिलिनच्या गटाची गंभीर ॲलर्जी क्वचित जिवावरही बेतते. आणि औषधाला न जुमानणारे जंतू प्रत्येक अनावश्यक कोर्सगणिक थोडे बळावतात. पाकिटावर उभी तांबडी रेघ असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, असा प्रचार भारत सरकारने २०१६ साली सुरू केला तो याचसाठी. ती रेघ आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेली असते. तिचा अर्थ फार थोड्यांनी विचारलेला असतो.

प्रतिजैविक मुळीच नको असा याचा अर्थ कोणी काढू नये, कारण काही प्रसंगी तेच जीव वाचवते. संसर्ग मुळाच्या आसपास थांबला आहे की शरीरात पसरू लागला आहे, हा निर्णायक प्रश्न आहे. ताप आला, गालाची सूज तासागणिक डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकू लागली, जबड्याखालच्या गाठी सुजल्या, तोंड दोन बोटांएवढेही उघडेना, अंगात त्राण वाटेना, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्तीच एखाद्या आजाराने वा औषधाने खचलेली असेल, तर प्रतिजैविक दिलेच पाहिजे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा हाच आहे: दातावर प्रत्यक्ष उपचार करणे शक्य असेल आणि शरीरभर लक्षणे नसतील तर प्रतिजैविक देऊ नये, लक्षणे असतील तर, ॲलर्जी नसलेल्या प्रौढाला, ॲमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन ते सात दिवस. तेव्हाही तीन दिवसांनी रुग्णाला पुन्हा तपासावे आणि लक्षणे पूर्ण गेल्यानंतर चोवीस तासांनी औषध थांबवावे, असे त्या सूचना सांगतात. मात्र औषध कधी थांबवायचे हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे, बरे वाटले म्हणून आपले आपण नव्हे. आणि जीभ वर उचलली जाऊन हनुवटीखालचा भाग फळीसारखा टणक झाला, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याची वेळ ठरवत बसू नये; थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. जर्मन शल्यविशारद लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा आजार आजही दाढेच्या दुर्लक्षित संसर्गातूनच बहुधा उद्भवतो. तेथेही औषध शिरेतून देतानाच पू काढून देणे आणि मूळ दाताचा बंदोबस्त करणे अटळ असते.

मग मुख्याध्यापकांच्या दाढेवर काय केले? त्यांना ताप नव्हता, सूज नव्हती, म्हणून प्रतिजैविकाची एकही गोळी दिली नाही, आणि यावर ते काहीसे नाराजही झाले. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे तोंडातली लाळ आत जाणार नाही आणि आतले द्रावण घशात जाणार नाही. मग दाढेला वरून वाट करून तिच्या मुळांतील नळ्या बारीक फायलींनी, म्हणजे कानशीसारख्या खरखरीत सुयांनी, घासल्या आणि प्रत्येक फायलीनंतर सोडियम हायपोक्लोराइटने धुतल्या. हे द्रावण म्हणजे फरशी आणि पांढरे कपडे स्वच्छ करायला आपण वापरतो त्या ब्लीचचाच, दवाखान्यासाठी मोजून तयार केलेला भाऊबंद. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा धुण्यासाठी त्याचे अर्धा टक्क्याचे द्रावण वापरात आणले. दातात ते अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. त्याची खरी किमया म्हणजे ते जंतू मारते आणि मेलेला मगजही विरघळवते, त्यामुळे फाईल पोहोचत नाही अशा कोपऱ्यांतही स्वच्छता होते. फाईल फक्त वाट मोठी करते. घागर घासण्याचे काम बऱ्याच अंशी हे द्रावण करते.

धुऊन कोरड्या केलेल्या नळ्यांत दोन आठवड्यांसाठी एक पांढरे औषध भरले. "हे काय?" असे त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "सर, चुना." ते हसले, पण मी थट्टा करत नव्हतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुनाच. दंतोपचारात तो १९२० साली हर्मन यांनी आणला आणि शंभर वर्षांनंतरही तो टिकून आहे. त्याचा क्षारधर्म इतका तीव्र असतो की त्याच्या सहवासात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. अर्थात पानाच्या डबीतला चुना किडलेल्या दाढेत किंवा हिरडीवर कोणीही लावू नये. तो हिरडी भाजून काढतो आणि अशा भाजलेल्या हिरड्या मी पाहिलेल्या आहेत. मुळाच्या नळीत, हिरडीला न लागू देता, ठरावीक काळ बंद करून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

प्रतिजैविके थेट नळीत भरण्याचा प्रयोगही झालेला आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिन यांचा लेप जपानमधल्या निगाता येथील संशोधकांनी अभ्यासला, आणि मूळ अजून पुरते वाढलेले नाही अशा मुलांच्या दातांत तो वापरला जाऊ लागला. औषध जेथे हवे तेथेच ठेवल्यामुळे गोळीचा दोष त्यात उरत नाही. मात्र मिनोसायक्लिनमुळे दात करडा पडतो, आणि पुढच्या दातावर ते खपवून घेणारे पालक मला अजून भेटायचे आहेत.

दुसऱ्या भेटीत नळ्या गटापर्चाने, म्हणजे झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या द्रव्याने, भरून वरून पक्के सिमेंट केले आणि पुढे कॅप बसवली. कॅपकडे लोक खर्चाची बाब म्हणून पाहतात. पण वरचे भरण गळके राहिले तर लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात आणि खालची सगळी मेहनत वाया जाते, त्यामुळे कॅप ही शोभेची वस्तू नसून दरवाजा आहे.

आणि मग वाट पाहायची. जंतूंचा झिरपा बंद झाला की मुळाशी जमलेल्या संरक्षक पेशींना लढायला कोणी उरत नाही. त्यांचे संदेश थंडावतात, हाड विरघळवणाऱ्या पेशी नाहीशा होतात, आणि साफसफाई करणाऱ्या पेशी उरलासुरला कचरा गिळून टाकतात. त्यानंतर ऑस्टिओब्लास्ट या हाड बांधणाऱ्या पेशी पोकळीच्या कडेकडून आत सरकत नव्या हाडाचा साचा घालू लागतात. हा साचा आधी मऊ प्रथिनांचा असतो. त्यात खनिज नंतर भरते, आणि फिल्मवर दिसते ते खनिज. म्हणून हाड भरायला सुरुवात झाल्यावरही कित्येक आठवडे फिल्मवर काहीच बदललेले दिसत नाही. दुखणे तीन-चार दिवसांत गेलेले असते, हिरडीवरची पुळी आठ-पंधरा दिवसांत मिटलेली असते, आणि डाग मात्र जसाच्या तसा. या टप्प्यावर घाबरून पुन्हा गोळ्या सुरू करणे ही एक नेहमीची चूक आहे.

सहा महिन्यांनी काढलेल्या फिल्मवर मुख्याध्यापकांच्या डागाची ती पेन्सिलीने आखल्यासारखी कड पुसट झालेली दिसली. गोलाचा घेर थोडा आत आला होता आणि कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे आत उतरले होते. ते धागे म्हणजे नव्या हाडाच्या पहिल्या तुळया. सव्वा वर्षानंतरच्या फिल्मवर काळा गोल उरला नव्हता. मुळाच्या टोकाभोवती केसाएवढी काळी रेघ आणि तिच्या बाहेर पांढरी कड, अशी निरोगी दाताभोवती असते तशीच रचना परत आली होती. ती केसाएवढी रेघ राहायलाच हवी, कारण तेथे दाताला हाडाशी जोडणारे तंतू असतात.

सगळ्यांचे इतके वेळेवर होत नाही. भरून येण्याची चिन्हे बहुतेकांत पहिल्या वर्षात दिसू लागतात, पण मोठा डाग पुरता भरायला चार वर्षेही लागू शकतात. एका वर्षाने फिल्म काढावी आणि डाग पुरता गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, असे दाताच्या मुळांवरील उपचारांच्या शाखेच्या युरोपातील संस्थेच्या सूचना सांगतात. कधी हाडाऐवजी तेथे निरुपद्रवी व्रण तयार होतो आणि फिल्मवर लहानसा काळा ठिपका कायम राहतो; दात दुखत नसेल आणि ठिपका वाढत नसेल तर त्याच्या मागे लागू नये. "कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. शरीरात कॅल्शियमची कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण मुळाशी हाड गेले ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे नव्हे, त्यामुळे त्या गोळ्यांनी ते लवकर भरणारही नाही. साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहात मात्र हाड भरण्याचा वेग खरोखरच मंदावतो. त्या रुग्णांना मी दंतोपचाराबरोबरच साखरेचा ताजा अहवाल मागतो.

ज्यांच्या मुळाशी आधीच डाग आहे अशा दातांपैकी, नीट केलेल्या उपचारानंतर, साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के दात बरे होतात, असे निरनिराळ्या अभ्यासांतून दिसते. उरलेल्यांत काय चुकते? बहुधा एखादी नळी सापडलेलीच नसते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या बाजूच्या मुळात अर्ध्याहून अधिक लोकांना दोन नळ्या असतात आणि दुसरी फार लपून बसते. कधी मुळाला उभा तडा गेलेला असतो, कधी वरचे भरण गळत असते, कधी मुळाच्या टोकाशी अस्तर असलेली गाठ झालेली असते, तर कधी जंतूंनी मुळाबाहेरच ठाण मांडलेले असते. यांपैकी कशावरही प्रतिजैविकाचा दुसरा कोर्स हा इलाज नाही. दात पुन्हा उघडून स्वच्छ करणे, मुळाचे टोक शस्त्रक्रियेने कापून मागून बंद करणे, किंवा तडा गेला असेल तर दात काढणे, हेच मार्ग उरतात. दात काढला तरी हाड भरण्याचा नियम बदलत नाही: जंतूंचे घर गेले की खळग्यात रक्ताची गुठळी धरते आणि काही महिन्यांत तेथे हाड येते.

एक्स-रेबाबत एक व्यवहाराची गोष्ट. डाग वाढला की घटला हे एका फिल्मवरून कळत नाही. जुनी फिल्म शेजारी ठेवावी लागते, आणि दोन्ही शक्यतो एकाच कोनातून काढलेल्या असाव्या लागतात, नाहीतर नुसत्या कोनाच्या फरकानेही डाग लहान-मोठा दिसतो. म्हणून जुन्या फिल्म फेकू नयेत, दंतवैद्य बदलला तरी त्या सोबत न्याव्यात. मुख्याध्यापकांनी त्यांच्या तीनही फिल्म तारखा घालून एका पाकिटात जपून ठेवल्या आहेत. तिसऱ्या फिल्मच्या कडेला शेजारच्या दाढेत कीड मगजाजवळ पोहोचलेली दिसते आहे, आणि ती दाढ अजून गार लागल्यावर शिवशिवते, म्हणजे तिचा मगज जिवंत आहे. तिच्यासाठी त्यांना पुढच्या मंगळवारी बोलावले आहे.